कातरीवाचून लोकर

मागल्या उन्हाळ्यात एका खेड्यातील मंडळीच्या भेटीस आम्ही गेलो असता तेथील एका मेंढपाळ बंधूने आम्हांस एक प्रश्न विचारिला. बांधावरील सुबाभळीचा पाला त्याने आपल्या मेंढरांस काही दिवस पोटभर घातला होता. त्यानंतर दोनतीन मेंढरांची लोकर मानेपासून आपोआप सुटू लागली, आणि हाताने ओढिली तर मूठमूठ निघून येऊ लागली. तो म्हणाला, "ह्यास रोग म्हणावे की सोय म्हणावी? कातरणाऱ्यास मजुरी द्यावी तर ती लोकरीच्या किमतीहून अधिक होते. त्यापेक्षा वर्षातून दोनदा पालाच घातला तर काय वाईट?" त्या वेळी आम्ही त्यास इतकेच सांगितले की, पाला आजच बंद करा. परंतु प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. दूर देशच्या विद्वानांनी हाच प्रश्न हाती घेऊन त्यापायी पुष्कळ वर्षे व पुष्कळ पैसा खर्चिला आहे. म्हणून त्याचे उत्तर ह्या पाठात जरा विस्ताराने देत आहो.

शास्त्राच्या वाचकांस मेंढरे कातरण्याचा प्रसंग चांगला परिचयाचा आहे. लाबान आपली मेंढरे कातरावयास गेला. नाबालाने कर्मेलात तीन हजार मेंढरांच्या कातरणीच्या वेळी मेजवानी केली. त्यावरून मेंढराचे अंग म्हणजे कातर लागणारच, असे आपण धरून चालतो. परंतु पूर्वी सर्वत्र तसे नव्हते. मेंढराची रानटी जात जी डोंगरांत अद्याप आढळते, तिची लोकर कोणी कातरीत नाही. ती दर वसंतात आपोआप गळून पडते. माणसाने मेंढरू पाळिले, अधिक लोकरीचे मेंढरू निवडून त्याची पैदास वाढविली, आणि असे करता करता जिची लोकर कधीच गळत नाही अशी मेंढी निर्माण केली. मग कातर ही गरज झाली. जी लोकर आपण होऊन पडत असे, ती पडू नये अशी व्यवस्था माणसानेच केली, आणि आता ती पडावी कशी ह्याची चिंताही माणूसच वाहत आहे. असो.

रोमी ग्रंथकार वारो ह्याने ख्रिस्तपूर्व ३७ च्या सुमारास शेती व गुरे ह्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्या वेळी तो ऐंशी वर्षांचा होता. तो म्हणतो की, लोकरीस लॅटिन भाषेत जे नाव आहे ते उपटणे ह्या क्रियेवरून पडले असावे. कारण कातर सापडण्यापूर्वी लोक लोकर उपटीतच असत. त्याच्या काळीही काही लोक उपटीत, आणि उपटण्यापूर्वी मेंढरांस तीन दिवस उपाशी ठेवीत; कारण मेंढरू अशक्त झाले म्हणजे लोकरीचे मूळ सैल पडते. वारोच्या मागून सुमारे शंभर वर्षांनी प्लिनी नामक ग्रंथकारानेही लिहून ठेविले आहे की, मेंढरे सर्वत्र कातरीत नाहीत, कित्येक ठिकाणी उपटण्याची चाल अद्याप आहे.

ह्या तीन दिवसांच्या उपासाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पुढे जी गोष्ट सांगावयाची आहे तिचे बीज ह्यातच आहे. लोकरीचा प्रत्येक तंतू कातडीतील एका बारीक खळग्यातून वर येतो. त्या खळग्याच्या तळाशी नव्या पेशी अहोरात्र निर्माण होत असतात. त्याच एकावर एक रचून तंतू बनतो. शरीरात दुसरी पेशी क्वचितच इतक्या वेगाने वाढते. म्हणून जनावरावर उपासमार आली, ताप आला, विष पोटात गेले, तर त्याचा पहिला परिणाम ह्या ठिकाणी दिसतो. पेशींची निपज मंदावते, तंतू तेवढ्या भागात बारीक होतो, आणि तेथून तुटतो. दुष्काळानंतर कातरलेली लोकर पिंजताना मध्येच तुटते, हे आमच्या सणगर बंधूंस सांगावयास नको. वारोच्या काळचे मेंढपाळ हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणीत. लोकर सुटे ती मेंढराच्या अशक्तपणामुळे.

लोकर सुटण्याची दुसरी एक रीत आहे, तीत अशक्तपणाचा संबंध नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत. तेथील मेंढरे लहान चणीची व जुन्या वाणाची असून त्यांच्यातील पुष्कळांत रानटी जातीचा गुण अजून शिल्लक आहे. थंडी संपून दिवस मोठा होऊ लागला म्हणजे जुन्या लोकरीची वाढ थांबते, आणि तिच्याखाली नवी लोकर उगवू लागते. नवी लोकर बोटाच्या पेराएवढीही न वाढली तोच जुनी लोकर वरचेवर राहते, जणू काय अंगावर टाकलेली घोंगडीच. जून-जुलैच्या सुमारास तेथील लोक मेंढरू धरून मानेपासून आरंभ करितात व ती लोकर हलक्या हाताने सोडवून घेतात. ह्या क्रियेस तिकडे रूइंग म्हणतात. मेंढरास इजा होत नाही. कारण जे सुटलेलेच आहे तेच काढावयाचे असते. कापलेले टोक नसल्यामुळे ती लोकर मऊ लागते. परंतु ह्या रीतीत अडचणीही आहेत. सर्व मेंढरे एकाच दिवशी तयार होत नाहीत; एकाची मान सुटते तेव्हा पाठ सुटलेली नसते; आणि चार दिवस उशीर झाला तर लोकर काट्याकुट्यांवर व कुंपणावर लागून जाते. दहावीस मेंढरांच्या धन्यास हे जमते, हजारांच्या धन्यास जमत नाही. आपल्या देशी लडाखात चांगपा लोक पश्मिन्याच्या बकरीचा मऊ केस उन्हाळ्याच्या तोंडी फणीने विंचरून काढितात, तेही ह्याच तत्त्वावर होय.

आता हजारांच्या नव्हे, लाखांच्या धन्यांच्या देशाकडे वळू. ऑस्ट्रेलियात मेरिनो जातीचे मेंढरू पाळितात. त्याची लोकर अत्यंत बारीक असून ती वर्षभर वाढत राहते, गळत नाही. तेथे १८८८ साली डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप नामक मेंढवाड्यात प्रथम सर्व कळप यंत्राच्या कातरीने कातरिला गेला. त्यापूर्वी हातकातरच होती. हातकातरीस कोणी हलकी समजू नये. १८९२ साली क्वीन्सलंड प्रांतात जॅकी हाऊ नामक कातरकऱ्याने तिच्याच साह्याने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढरे कातरिली. तरी यंत्राचा प्रसार झाला. मात्र यंत्र आले म्हणून माणसाचे कष्ट गेले नाहीत. चाळीस, पन्नास, साठ किलोचे मेंढरू धरावयाचे, मांड्यांत दाबून वाकून कातरावयाचे, आणि असे दिवसात शंभरावर, कधी दोनशेपर्यंत. त्यामुळे कातरकऱ्याची पाठ तरुणपणीच मोडते. मेंढरास जखमा होतात त्या वेगळ्याच. मजुरी वाढत गेली, कातरकरी मिळेनासे झाले, तेव्हा दोन मार्गांनी शोध सुरू झाला. एक मार्ग कातरणारे यंत्रमानव करण्याचा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठात १९७९ साली अशा यंत्राने जिवंत मेंढरू कातरूनही दाखविले. परंतु ते इतके महाग व नाजूक होते की पुढे तो उद्योग सोडून द्यावा लागला. दुसरा मार्ग औषधाने लोकर सोडविण्याचा. आमच्या मेंढपाळ बंधूच्या प्रश्नाशी ज्याचा संबंध आहे तो हाच.

कर्करोगावर सायक्लोफॉस्फामाइड नावाचे औषध देतात. ज्या घरात असा रोगी झाला असेल त्यास ठाऊक आहे की, औषध चालू असता डोक्याचे केस गळतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींस मारणे हे त्या औषधाचे काम. कर्करोगाच्या पेशी तशाच आणि केसांच्या मुळांतील पेशीही तशाच. अमेरिकेतील सरकारी शेतकी संशोधकांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे औषध मेंढरांस पाजून पाहिले. आठपंधरा दिवसांत लोकर हाताने सोलण्याजोगी झाली. मोठा आनंद झाला. पण तो टिकला नाही. औषधाची मात्रा थोडी कमी पडली तर लोकर अर्धवट सुटे, थोडी अधिक झाली तर मेंढरू आजारी पडे. अशा विषाचा अंश मांसात राहील की काय ही शंका होतीच. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे लोकर निघाली की मेंढरू अगदी उघडे पडे. कातरीने कातरले तरी कातडीवर लोकरीचा थोडा खुंट राहतो. औषधाने सोडविले तर तोही राहत नाही. मग दिवसा ऊन कातडी जाळते, आणि रात्री गार पाऊस आला तर मेंढरू थंडीने मरते. ताज्या कातरलेल्या मेंढरांचे कळपच्या कळप अवेळच्या पावसात मेले आहेत. मग ज्यांच्या अंगावर खुंटही नाही त्यांचे काय? ह्याच कारणास्तव न्यूझीलंडच्या थंड डोंगरात काही मेंढवाड्यांत यंत्राची कातर असूनही हातकातरच वापरितात. तिने लोकर थोडी अधिक अंगावर राहते.

सुबाभळीची गोष्ट ह्याच मालिकेतील आहे. सुबाभळीच्या पाल्यात व बियांत मिमोसीन नावाचे द्रव्य असते. हे नाव लाजाळूच्या लॅटिन नावावरून पडले आहे, कारण लाजाळूतही ते आहे. सुबाभूळ खाणाऱ्या घोड्यांची आयाळ व शेपूट झडते हे पुष्कळ देशांच्या लोकांस आधीच माहीत होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७०च्या दशकात शुद्ध मिमोसीन मेंढरांस देऊन पाहिले, आणि त्यांस आढळले की लोकरीची वाढ दोन दिवसांतच थांबते व पुढे ती सुटून येते. म्हणजे आमच्या बंधूने जे बांधावर पाहिले, तेच त्यांनी प्रयोगशाळेत पाहिले. मग त्यांनी त्याचा धंदा का केला नाही? कारण, लोकर सोडविणारी मात्रा व मेंढराचा घात करणारी मात्रा ह्यांत अंतर थोडे आहे. शुद्ध द्रव्य तोलून देणाऱ्यासही ती मर्यादा सांभाळणे कठीण गेले. पाल्यात मिमोसीन किती आहे हे तर पाला कोवळा की जून ह्यावर अवलंबून. ते कोण तोलणार? शिवाय मेंढराच्या पोटात मिमोसिनाचे रूपांतर होऊन दुसरे एक द्रव्य बनते. त्याने गळ्यातील ग्रंथी बिघडते, गलगंड होतो, भूक मरते, वाढ खुंटते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर वाचक सुबाभळीस निष्कारण शिव्या देतील. हवाई बेटांतील बकऱ्या सुबाभूळ पोटभर खात व त्यांस काही होत नसे. रेमंड जोन्स नामक ऑस्ट्रेलियन संशोधकास वाटले की, त्यांच्या पोटातील सूक्ष्म जंतूच ते विष जिरवीत असावेत. त्याने १९८०च्या दशकाच्या आरंभी ते जंतू ऑस्ट्रेलियात आणून तिकडील जनावरांच्या पोटात सोडिले, आणि त्यांसही सुबाभूळ पचू लागली. पुढे त्यांतील एका जंतूस जोन्सचेच नाव देण्यात आले. तात्पर्य इतकेच की सुबाभूळ चांगला चारा आहे, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये, आणि सवय नसलेल्या जनावरास थोडथोडी करून द्यावी. गाभण मेंढीस तर जपूनच.

आता जो उपाय सर्वांत पुढे गेला त्याविषयी सांगतो. त्याचा आरंभ मेंढरापासून झाला नाही, उंदराच्या पिलापासून झाला. स्टॅन्ली कोहेन नामक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ १९६०च्या सुमारास उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांस टोचीत होता. त्याच्या असे पाहण्यात आले की त्या पिलांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडतात व दात लवकर फुटतात. ज्या प्रथिनामुळे हे घडते ते त्याने वेगळे काढिले. ते कातडीच्या पेशींस वाढीस लावणारे प्रथिन होय. ह्या शोधाबद्दल १९८६ साली त्यास रीता लेव्ही-माँटाल्चिनी ह्या विदुषीबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पिलांच्या बाबतीत आणखी एक बारीकशी गोष्ट दिसली होती: त्यांचे केस उशिरा वाढत. ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. ह्या सरकारी संशोधनसंस्थेतील लोकांनी ह्याच बारीकशा गोष्टीवर बोट ठेविले. त्यांनी ते प्रथिन मेरिनो मेंढरास टोचिले. केसाच्या मुळातील पेशींची निपज थोडा वेळ थांबली, आणि लगेच पुन्हा सुरू झाली. जेथे थांबली तेथे प्रत्येक तंतू तुटला, व सर्व अंगावरील लोकर एकाच पातळीवर सुटली.

वाचक विचारतील, मग मिमोसिनात आणि ह्यात भेद तो काय? भेद असा की हे प्रथिन बाहेरचे विष नव्हे. तसले प्रथिन मेंढराच्या शरीरात मुळातच असते, आणि टोचलेला भाग एकदोन दिवसांत शरीरातून नाहीसा होतो. परंतु उंदरांच्या ग्रंथींतून लाखो मेंढरांपुरते प्रथिन कोठून काढावयाचे? तेव्हा जंतूंकडून ते तयार करवून घेण्याची कला साधेपर्यंत वाट पाहावी लागली. आणि उघड्या कातडीची जुनी अडचण तर समोर उभीच होती.

त्या अडचणीवर त्यांनी जी युक्ती काढिली ती आम्हांस ह्या सर्व प्रकरणात अधिक शहाणपणाची वाटते, कारण तीत रसायनशास्त्र काही नाही. मेंढरास टोचतेवेळीच त्याच्या अंगावर जाळीचा एक अंगरखा चढवावयाचा. लोकर सुटली तरी जाळीमुळे ती अंगावरच राहते. चारसहा आठवडे मेंढरू तसेच चरत फिरते, आणि तोवर खाली नव्या लोकरीचा थर उगवतो. मग जाळी उघडून जुनी लोकर सबंध उतरून घ्यावयाची. शेटलंडच्या मेंढरावर जुने वस्त्र नवे येईपर्यंत आपोआप टिकते. येथे तेच काम जाळीने केले. अशा लोकरीत सर्व तंतू एका लांबीचे येतात, कातरीने दोनदा कापल्यामुळे पडणारे तुकडे नसतात, आणि मेंढराच्या अंगावर एक जखम नसते. १९९८ साली बायोक्लिप ह्या नावाने हा उपाय बाजारात आला.

तरीही कातर हटली नाही. एका मेंढरास दोनदा धरावे लागे, एकदा जाळी घालण्यास व एकदा काढण्यास; औषधाचा व जाळीचा खर्च कातरकऱ्याच्या मजुरीच्या पलीकडे जाई; आणि गाभण मेंढीस ते टोचल्यास गर्भ पडण्याचे भय असल्यामुळे कळपातील मोठा भाग वर्षातील कित्येक महिने वगळावा लागे. म्हणून ऑस्ट्रेलियातील बहुतेक मेंढरे आजही वाकलेल्या माणसाच्या हातूनच कातरिली जातात.

ज्यांस लोकर नकोच आहे त्यांनी निराळीच वाट धरिली आहे. इंग्लंडातील विल्टशायर हॉर्न जातीची मेंढी आपली लोकर दरसाल झाडून टाकते. दक्षिण आफ्रिकेत १९३०च्या दशकात दोन जातींच्या संकरातून निर्माण झालेली डॉर्पर मेंढीही बहुतांशी तशीच. लोकरीचा भाव कातरणीच्या मजुरीइतकाही येईना, तेव्हा अशा मेंढ्यांस मागणी वाढली. आमच्याकडे ही गोष्ट मुकाट्याने कधीच घडू लागली आहे. दख्खनी मेंढीची जाड काळी लोकर वर्षातून दोनदा भादरून सणगरांस विकीत. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या जावळाची घोंगडी तर विशेष मऊ म्हणून मागून घेत. आता गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे त्या लोकरीस गिऱ्हाईक उरले नाही, आणि कित्येक गावी ती भादरून तशीच टाकून देतात. मग मेंढपाळ आखूड केसांचा नेल्लोरी किंवा जत तालुक्यातील माडग्याळी मेंढा कळपात आणितो. मांस अधिक येते, कातरणीचा खर्च वाचतो. त्यास आम्ही दोष देत नाही. पोट त्यास आहे. मात्र दख्खनी मेंढीची ती दाट लोकर पावसाळ्यात व भटकंतीत तिचे रक्षण करीत असे. संकर करणाऱ्याने सर्व कळप एकदम न बदलता काही शुद्ध दख्खनी माद्या राखून ठेवाव्या, कारण गेलेला वाण विकत मिळत नाही.

संकराच्या कळपांत उन्हाळ्याच्या तोंडी काही मेंढरांची लोकर आपोआप सैल होते. अशा मेंढराची मानेकडील लोकर चिमटीत धरून हलकेच ओढून पाहावी. सहज आली व खाली नवे केस दिसले तर हाताने काढण्यास हरकत नाही. लोकरीबरोबर कातडी उचलली जात असेल, किंवा खाली तांबडी उघडी कातडी दिसत असेल, तर हात आवरावा. पहिल्या प्रकारात कातर वापरावी, दुसऱ्यात जनावरांच्या डॉक्टरास दाखवावे.

आमच्या बंधूच्या त्या दोनतीन मेंढरांविषयी: पाला बंद केल्यावर बहुधा लोकर पुन्हा येते. तोपर्यंत त्यांस दुपारी सावलीत बांधावे, रात्री पाठीवर जुने घोंगडे किंवा पोते बांधावे, आणि पहिल्या वळवाच्या पावसात वाड्याबाहेर ठेवू नये. त्यांची निघालेली लोकर इतर लोकरीत मिसळू नये. तिचा मुळाकडील भाग बारीक झालेला असतो व कातताना तेथेच तुटतो.